टाकीचं झाकण उघडून बघितलंस का?

कोर्सवर्कच्या रिसर्च मेथडॉलॉजी पेपरसाठी गृहीतक म्हणजे काय, चल म्हणजे काय, नियंत्रण प्रयोग म्हणजे काय, हे तुम्ही सध्या पाठ करत असाल, किंवा पेटचा निकाल लागला की कराल. मीही केलं होतं. व्याख्या अजून तोंडपाठ आहेत. पण त्यांचा खरा अर्थ मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळला, आणि तोही विद्यापीठात नाही. मिरजेला, मामांच्या अंगणात, १९८४ सालच्या बुलेटशेजारी पाटावर बसून. त्यामुळे आजचा लेख गाडीबद्दल आहे. गाड्यांची आवड नसली तरी वाचा, मलाही फारशी नव्हती.

माझे मामा आता सत्तरीचे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षांपासून बुलेटला किक मारता येत नाही, ती भाचे-पुतण्यांपैकी कुणीतरी मारून देतं. पण दर रविवारी गाडी पुसणं आणि गाडीबद्दल बोलणं चुकत नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "आमच्या गाड्या बोलायच्या गं. आताच्या नुसता दिवा लावतात."

हा दिवा म्हणजे मामेभावाच्या नव्या गाडीवरचा इंजिनाचा पिवळा दिवा. तो लागला तेव्हा मामा हौसेने पाना-पक्कड घेऊन बसले, आणि दहा मिनिटांत उठले. फिरवायला स्क्रूच नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिकने गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावर एक कोड आला, एक सेन्सर बदलला, काम झालं. मामा काचेच्या अलीकडे खुर्चीवर बसून होते. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारपणी सगळ्यांना जुनंच चांगलं वाटतं. ते अर्धंच बरोबर होतं.

एक लक्षण, दोन कारणं

आधी मामांची एक गोष्ट. १९९१ साली मामा-मामी बुलेटवरून जोतिबाला निघाले होते. जयसिंगपूर मागे पडलं आणि गाडी बंद पडली. किक मारून मारून घाम निघाला, पण इंजिन चालू होईना. मामांनी विचार केला: सकाळी एका किकमध्ये सुरू झाली, वीस मिनिटं झकास चालली, तापल्यावर बंद पडली. म्हणजे कंडेन्सर.

इथे थोडं थांबून कंडेन्सर समजून घेऊ. जुन्या बुलेटमध्ये ठिणगी पाडायला 'पॉइंट' असतात. दोन छोटे धातूचे ओठ इंजिनाच्या तालावर उघडतात-मिटतात. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. प्रवाह तुटताना ठिणगी पॉइंटमध्येच पडून वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर लावलेला असतो. तो कमजोर झाला, की अनेकदा थंड असताना काम करतो आणि तापला की दगा देतो. थंड झाला की पुन्हा ठीक. मामांचा अंदाज अगदी शहाण्या माणसाचा होता.

जवळ एक जास्तीचा कंडेन्सर होताच. रस्त्याच्या कडेला बसून बदलला. अर्धा तास गेला. किक मारली, गाडी सुरू! मामी खूश, मामा त्याहून खूश.

हातकणंगल्याला गाडी पुन्हा बंद पडली.

या वेळी वैतागून मामांनी नुसतं पेट्रोल किती आहे ते बघायला टाकीचं झाकण उघडलं. 'फुस्स' असा आवाज आला. झाकण लावलं, किक मारली, आणि गाडी एका किकमध्ये चालू झाली.

काय झालं होतं? टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तसतशी त्या भोकातून टाकीत हवा शिरते. जोतिबाला जायचं म्हणून आदल्या दिवशी मामांनी गाडी घासूनपुसून चकाचक केली होती, आणि पॉलिशचं मेण त्या भोकात जाऊन बसलं होतं. हवा आत येईना, टाकीतला दाब कमी होत गेला, शेवटी पेट्रोल खाली उतरायचंच थांबलं. थोडा वेळ गाडी उभी राहिली की हवा कुठून तरी हळूहळू शिरते, आणि गाडी पुन्हा वीस मिनिटं चालते.

आता बघा. बिघडलेला कंडेन्सर आणि बुजलेलं भोक, दोन्हींचं लक्षण अगदी एकच. सुरुवातीला ठीक, वीस मिनिटांनी बंद, अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. मामांनी कंडेन्सर बदलला आणि गाडी सुरू झाली, पण ती कंडेन्सरमुळे नाही. बदलायला अर्धा तास लागला म्हणून. दुरुस्ती चुकीची, परिणाम मात्र बरोबर आला.

पुस्तकात ज्याला 'गोंधळ करणारा चल' म्हणतात तो हा. मामांनी एकच गोष्ट बदलली असं त्यांना वाटलं, प्रत्यक्षात दोन बदलल्या: कंडेन्सर आणि वेळ.

मग योग्य प्रयोग कोणता? ज्याचं उत्तर दोन्ही गृहीतकांसाठी वेगळं येईल तो. गाडी बंद पडल्या पडल्या, इंजिन तापलेलं असतानाच झाकण उघडायचं, लावायचं आणि किक मारायची. भोक बुजलेलं असेल तर गाडी लगेच सुरू होईल. कंडेन्सर असेल तर होणार नाही, कारण तो अजून गरमच आहे. तरीही शंका असेल तर झाकण घट्ट लावून प्लग काढायचा, कॅपला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. ठिणगी कडक पडली तर दोष पेट्रोलच्या बाजूला, मलूल पडली किंवा पडलीच नाही तर विजेच्या बाजूला. पहिल्या प्रयोगाला दहा सेकंद लागतात आणि खर्च शून्य. म्हणून तो आधी.

मोटारसायकलच्या बिघाडातून वैज्ञानिक पद्धत समजावण्याची कल्पना माझी नाही. रॉबर्ट पर्सिग यांनी 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' या १९७४ च्या पुस्तकात ती सविस्तर मांडली आहे. मामांनी ते वाचलेलं नाही. त्यांना हातकणंगलं पुरलं.

आता माझी गाडी कुठे बंद पडली ते

ही गोष्ट मी ऐकली त्या दिवाळीत मी स्वतः फार आनंदात होते. माझं काम प्रकाशाच्या मदतीने पाण्यातल्या रंगद्रव्याचं विघटन करण्याचं. मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घ्यायचा, त्यात उत्प्रेरक टाकायचा, प्रकाश सोडायचा आणि दर पंधरा मिनिटांनी थोडा नमुना काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तपासायचा. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला, त्याचा आलेख मिळतो. निळा रंग कमी होत गेला की ६६४ नॅनोमीटरजवळचं शिखर बुटकं होत जातं.

माझ्या आलेखात ते होत होतंच. पण आणखी एक गोष्ट दिसत होती. ३५० नॅनोमीटरला एक छोटी पायरी. सुरुवातीला नाही, तासाभराने थोडी, दोन तासांनी स्पष्ट. वेळेबरोबर वाढणारी. मी ठरवून टाकलं, हा विघटनाच्या वाटेवर तयार होणारा मधला पदार्थ, म्हणजे इंटरमीजिएट. आठ महिने मी त्या पायरीवर खर्च केले. परिषदेच्या पोस्टरचा सारांश पाठवून झाला होता.

मामांना हे सगळं कौतुकाने सांगत होते. त्यांना स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे काय ते माहीत नाही. पण यंत्राची गोष्ट म्हटल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "ते तुझं मशीन थंड असताना दिसतं की तापल्यावर?"

मी म्हटलं, "मामा, ते मशीनचं नाही, रसायनाचं आहे." ते म्हणाले, "असेल. मला काय कळतंय." आणि चहा घ्यायला उठले.

पुण्याला परत येताना रेल्वेत तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मला एक गोष्ट पाठ्यपुस्तकातून माहीत होती आणि मी ती विसरले होते. अशा अनेक यंत्रांत दोन दिवे असतात. अतिनील भागासाठी ड्युटेरियमचा आणि दृश्य प्रकाशासाठी टंगस्टनचा. स्कॅन चालू असताना यंत्र मध्येच एका दिव्यावरून दुसऱ्यावर जातं. आमच्या यंत्रात ही अदलाबदल बरोबर ३५० ला ठरवलेली होती.

दिवे सुरू केल्यावर त्यांचा प्रकाश स्थिर व्हायला साधारण अर्धा तास द्यावा लागतो. मी देत नव्हते. सकाळी घाईत यंत्र चालू करायचे, लगेच बेसलाइन घ्यायचे आणि प्रयोगाला लागायचे. नंतर दोन्ही दिवे आपापल्या गतीने तापत, आणि त्यांचा प्रकाश सकाळच्या नोंदीपासून वेगवेगळ्या प्रमाणात दूर जाई. जिथे एक दिवा संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे आलेखात पायरी दिसणारच. आणि ती वेळेबरोबर वाढणारच.

म्हणजे माझ्याकडेही एक लक्षण आणि दोन गृहीतकं होती. इंटरमीजिएट तयार होतोय, किंवा दिवे तापतायत. दोन्हींचा अंदाज एकच: पायरी वेळेबरोबर वाढेल. मी आठ महिने पुन्हा पुन्हा तोच प्रयोग करून पहिल्या गृहीतकाला 'दुजोरा' मिळवत होते. प्रत्येक वेळी कंडेन्सर बदलत होते.

सोमवारी दोन गोष्टी केल्या. सकाळी नेहमीसारखी घाईत बेसलाइन घेतली, मग नुसतं ऊर्ध्वपातित पाणी ठेवून दर पंधरा मिनिटांनी स्कॅन घेतला. रंग नाही, उत्प्रेरक नाही. पायरी आली आणि वाढत गेली. मग सॉफ्टवेअरमध्ये दिव्यांची अदलाबदल ३५० वरून ३३० ला नेली. पायरीही मुकाट्याने ३३० ला गेली. रेणूला आपल्या यंत्राची सेटिंग माहीत नसते. त्यामुळे सेटिंग बदलल्यावर जे हलतं, ते रेणूचं नसतं.

त्या दिवशी गाइडच्या केबिनपर्यंतचा कॉरिडॉर फार लांब वाटला. पोस्टर मागे घेतलं. सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की हे परीक्षकाने सांगण्यापेक्षा तू सांगितलंस ते बरं. तरी आठ महिने गेले ते गेलेच.

मग मामांचं खरं की खोटं?

आता त्या वाक्याकडे परत येऊ. जुन्या गाड्यांबद्दल हळवं होऊन माणसं बोलतात तेव्हा त्यात तीन वेगवेगळे दावे मिसळलेले असतात. संशोधक म्हणून ते सुटे करायला शिका.

पहिला दावा: जुन्या गाड्या चांगल्या होत्या. हा तपासता येतो, आणि फारसा टिकत नाही. जुनी बुलेट तेल गाळायची, ड्रम ब्रेक बेताचेच असायचे, टॅपेट आणि पॉइंट सारखे बघावे लागायचे. कार्बोरेटर गेला तो कुणाच्या खोडसाळपणामुळे नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, हे वजनाचं प्रमाण फार काटेकोर सांभाळावं लागतं. थंडी, घाट, गर्दी अशा सगळ्या परिस्थितीत ते कार्बोरेटरला जमत नाही. सेन्सर आणि संगणकावर चालणाऱ्या इंजेक्शनला जमतं. म्हणून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. शिवाय आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या बुलेट म्हणजे ज्यांची कुणीतरी चाळीस वर्षं निगा राखली त्याच. भंगारात गेलेल्यांबद्दल आपण विचारच करत नाही. नमुना निवडतानाच झुकलेला आहे.

दुसरा दावा: ते दिवस मजेचे होते. यावरही संशोधन झालंय. टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक गट कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सहलीला गेला होता. सहलीच्या आधी अपेक्षा गोड होत्या, नंतरच्या आठवणीही गोड होत्या, प्रत्यक्ष सहलीत मात्र लोक तेवढे खूश नव्हते. मामी हे एका वाक्यात सांगतात: "जयसिंगपूरला उन्हात मी उभी होते, हे नव्हते."

तिसरा दावा: बिघाड आपला आपल्याला शोधता यायचा. हा खरा आहे. आणि तुमच्या-माझ्या कामाचा हाच आहे.

मामा म्हणतात तो 'बोलणं' म्हणजे नेमकं काय? बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर असतो. इग्निशन चालू करून किक हळू दाबत नेली की काटा हलतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो आणि पिस्टन योग्य जागी आल्याचं कळतं. मग डिकम्प्रेसर सोडून किक मारायची. प्लग काढला तर त्याचा रंग सांगतो: बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. यंत्राच्या आत काय चाललंय याचे पुरावे उघड्यावर पडलेले असायचे. अंदाज बांधा, हात लावा, उत्तर लगेच मिळवा. नव्या गाडीत तेच पुरावे संगणक वाचतो आणि आपल्याला फक्त निष्कर्ष कळवतो.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा जाहिरात होती: 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. कामावर जाणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं काय? गाडी विसरता आलीच पाहिजे. पण ज्या यंत्राच्या आकड्यांवर तुमचा प्रबंध उभा राहणार आहे, ते यंत्र विसरण्याची चैन तुम्हाला नाही. मी नेमकं तेच केलं होतं. नमुना भरला, झाकण लावलं, विसरले.

जे मॅन्युअलमध्ये नसतं

त्याच दिवाळीत मामांनी मला टॅपेट सेट करायला बसवलं. त्यांची बोटं आता थरथरतात, पातळ पाने धरवत नाहीत. इंजिन थंड, उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलेलं. आत पुशरॉडच्या दोन दांड्या. नियम सोपा: दांडी बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

"सहज म्हणजे किती?" मी विचारलं.

मामांनी सांगितलं नाही. आधी माझ्याकडून नट मुद्दाम जास्त आवळून घेतला. "आता फिरव. हे घट्ट." मग जास्त सैल करायला लावला. "हे सैल. टकटक वाजेल. आता मधलं तू शोध." चौथ्या प्रयत्नात सापडलं. त्यांनी बोट लावून बघितलं आणि मान हलवली.

आधी दोन चुकीच्या टोकांची ओळख, मग मधलं बरोबर. आपण यालाच कॅलिब्रेशन म्हणतो. भौतिकी रसायनशास्त्राकडून तत्त्वज्ञानाकडे वळलेले मायकेल पोलान्यी यांनी अशा ज्ञानावर १९६६ साली 'द टॅसिट डायमेन्शन' हे पुस्तक लिहिलं. आपल्याला जेवढं येतं तेवढं सगळं शब्दांत सांगता येत नाही, हा त्याचा गाभा. ज्युलियन ऑर या मानववंश-अभ्यासकाने झेरॉक्स कंपनीच्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९९६ साली पुस्तकरूपाने आला. त्याला दिसलं ते असं: अवघड बिघाड नुसत्या मॅन्युअलवर सुटत नाहीत. तंत्रज्ञ एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगतात आणि त्यातून सुटतात.

तुमच्या विभागातही असा माणूस असतो. वीस वर्षं तेच यंत्र सांभाळणारे लॅब असिस्टंट. त्यांना पीएचडी नसते, म्हणून आपण त्यांना फक्त किल्ली मागायला भेटतो. मी आमच्या काकांना पायरीबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "३५० ना? दर बॅचला एकाला तरी दिसते." मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

तुम्ही काय करायचं?

यंत्राचं कव्हर उघडून बसा, असं मी अजिबात म्हणत नाही. आत जास्त दाबाची वीज असते, अतिनील दिव्याने डोळे जातात, वॉरंटी तर जातेच. पण इतकं नक्की करा. यंत्रात प्रकाश किंवा वीज कुठून निघते, कुठे जाते, कशाने मोजली जाते, हे एका पानावर स्वतःच्या हाताने काढा. जिथे बाण काढता येणार नाही, तिथेच तुमचं अज्ञान आहे. पहिल्या आठवड्यात नमुन्याशिवाय यंत्र चालवा आणि काहीही नसताना ते काय 'दाखवतं' ते नोंदवा. वहीत नमुन्याच्या नोंदीबरोबर यंत्र किती वाजता चालू केलं तेही लिहा. आणि एखादा सुंदर निकाल आला, की तो खोटा असेल तर आणखी कशामुळे असा दिसेल, हे आधी लिहा. मग दोन्हींना वेगवेगळं उत्तर देणारा सर्वांत स्वस्त प्रयोग शोधा. तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करणं म्हणजे तपासणं नव्हे.

बुलेट विकायची का, यावर मामांच्या घरी अजून चर्चा चालू आहे. तोवर दर सुट्टीला टॅपेट मी बघते. परवा फोनवर मामांनी विचारलं, "तुझं मशीन काय म्हणतंय?" म्हटलं, "आता आधी अर्धा तास तापू देते."

"मग ठीक," म्हणाले, आणि मामींना फोन दिला.